परतीचा शेरा

पुण्यातील गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, शहराचे इतर भाग अद्याप झोपेत असतात अशा प्रहरी, मंचर-खेडकडील बटाटा, नारायणगावचा टोमॅटो आणि पुरंदरच्या डोंगराळ पट्ट्यातील अंजीर-सीताफळ यांच्या गाड्या रिकाम्या होऊ लागतात, आणि तेव्हापासून दुपार टळेपर्यंत त्या विस्तीर्ण आवारात वस्तुतः एकच व्यवहार नाना रूपांनी चाललेला असतो. तो म्हणजे आलेल्या जिनसाची प्रत ठरवणे. आडत्याच्या गाळ्यापुढे पाटीतले वरचे फळ बाजूस सारून तळचे फळ पाहणारा खरेदीदार काय, किंवा पोत्यातले मूठभर धान्य तळहातावर घेऊन त्यावर फुंकर घालणारा दलाल काय, दोघेही निवाडाच करीत असतात. आणि त्या निवाड्याचा लेखी दाखला, वजन, भाव व हमाली-तोलाईच्या वजावटींसह, पट्टीच्या रूपाने शेतकऱ्याकडे परत जातो. पट्टी वाचून शेतकऱ्याला कळते की आपले फळ दोन दिवस आधी तोडले गेले, किंवा बटाटा नीट निवडला गेला नाही. हा कागद परत जाण्याची वाट उद्या बंद झाली, तर मालाची प्रत सुधारण्याचे साधनच नाहीसे होईल.

लहान मुलांच्या छातीच्या क्ष-किरण चित्रांचा इतिहास मांडताना बाजारातील या कागदापासून आरंभ करण्यास कारण आहे. चित्र काढणारा तंत्रज्ञ एका ठिकाणी, ते वाचणारा तज्ज्ञ दुसऱ्या ठिकाणी, आणि ज्याच्या छातीचे ते चित्र आहे तो रडणारा जीव या दोघांमध्ये. अशी ही व्यवस्था शंभराहून अधिक वर्षे चालली. या काळात नळ्या बदलल्या, काचा जाऊन फिल्म आली, फिल्म जाऊन संगणकाचा पडदा आला. परंतु चित्र बिघडले असता ते का बिघडले हे सांगणारा शेरा वाचणाऱ्याकडून काढणाऱ्याकडे नियमाने परत जाईल, अशी तजवीज क्वचितच कोणी केली. ती तजवीज अखेर झाली ती कोणा आरोग्यखात्याच्या परिपत्रकाने नव्हे, तर लोक सुप्रभाताचे संदेश आणि लग्नाच्या पत्रिका धाडण्यासाठी वापरतात त्या व्हॉट्सअ‍ॅपने. ही गोष्ट काहीशी हास्यास्पद आहे. पण ती खरी आहे.

मार्केट यार्ड हे नाव आज जितके अंगवळणी पडले आहे तितके ते जुने नाही. १८८६ साली शुक्रवार पेठेत ‘रे मार्केट’ या नावाने उघडलेली, आणि पुढे महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली मंडई हे पुण्याच्या भाजीपाल्याचे केंद्र होते, तर धान्याचा ठोक व्यापार नाना आणि भवानी या पेठांच्या आश्रयाने वाढला होता. १९५७ साली पुण्याची कृषी उत्पन्न बाजार समिती स्थापन झाली, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत एकेका व्यापाराने पेठांतील अरुंद बोळ सोडून गुलटेकडीचे मोकळे आवार गाठले. व्यापारामागोमाग अर्थातच हमाल आले. शंभर-शंभर किलोंची पोती पाठीवर वाहणाऱ्या या माणसांची संघटना, हमाल पंचायत, पन्नाशीच्या दशकात उभी करणारे बाबा आढाव हे नाना पेठेत दवाखाना चालवणारे डॉक्टर होते, ही गोष्ट त्यांच्या चळवळीच्या इतिहासात जेवढी महत्त्वाची आहे तेवढीच ती आपल्या विषयालाही जवळची आहे. हमालांच्या प्रश्नांची पहिली ओळख त्यांना भाषणांतून नव्हे, तर तपासणीच्या बाकावर बसलेल्या रोग्यांतून झाली. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. पंचायतीचे हमाल भवन आज मार्केट यार्डातच आहे. हमालाच्या कुटुंबात खोकणारे मूल ही काही अपूर्व घटना नव्हती. एका खोलीत चूल, त्याच खोलीत निजणे, आणि बापाच्या कपड्यांबरोबर घरात येणारी भुसाराची धूळ. अशा घरातील मुलाच्या छातीत काय चालले आहे हे कळण्याचा मार्ग कोणता, हा प्रश्न यार्डापुरता तरी पुस्तकी नाही.

मंडई उघडल्यानंतर पाच महिन्यांच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेऊन परतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने निवर्तल्या. त्या रोगाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी पाच वर्षांपूर्वी, १८८२ साली, बर्लिन येथे जगापुढे मांडले होते. तथापि जिवंत माणसाच्या छातीत त्या जंतूंनी कोठे घर केले आहे हे पाहण्याचे साधन पुण्यात नव्हते, बर्लिनमध्येही नव्हते. वैद्याच्या हाती होती ती छातीला लावायची नळी, आणि छातीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकून ध्वनी ऐकण्याची विद्या. मोठ्या माणसाच्या बाबतीत ही विद्या कुशल वैद्याला पुष्कळ सांगून जाई. सहा महिन्यांच्या रडणाऱ्या बालकाच्या बाबतीत ती बहुधा हतबल ठरे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म रॉन्टगेन यांना ते अज्ञात किरण दिसले, आणि २८ डिसेंबर रोजी त्यांनी आपला निबंध तेथील वैज्ञानिक मंडळाला सादर केला. त्यांनी या शोधाचा एकाधिकार घेतला नाही, म्हणून तो वणव्याच्या वेगाने पसरला. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आपल्या इलाख्यात मात्र १८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत प्लेग शिरला, पुढील वर्षी त्याने पुण्याला ग्रासले, आणि घरझडतीच्या जुलमामुळे संतापलेल्या या शहराला त्या काळी विज्ञानाच्या नवलाईकडे पाहण्याची उसंत नव्हती.

आरंभीची क्ष-किरण चित्रे काचेवर घेतली जात, आणि छातीच्या एका चित्रासाठी रोग्याला कित्येक सेकंद, कधी मिनिटेही, निश्चल राहावे लागे. निश्चल राहणे हे मोठ्या माणसाला जमते, मृताला तर सहजच जमते. दोन वर्षांच्या मुलाला ते जमत नाही. मुलांच्या छातीचे चित्र हा विषय प्रारंभी मागे पडला त्याचे हे साधे कारण आहे. १९१३ साली विल्यम कूलिज यांनी तापलेल्या तारेची नवी नळी केली, तिच्यामुळे किरणांचे प्रमाण मनाजोगते राखता येऊ लागले. पहिल्या महायुद्धात काचेची टंचाई झाल्याने फिल्मचा प्रसार झाला. आणि क्षणार्धात चित्र घेणे हळूहळू शक्य झाले. तरीही मुलांच्या क्ष-किरण चित्रांचे स्वतंत्र शास्त्र मानले जाण्यास १९४५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी न्यूयॉर्कचे जॉन कॅफी यांचा या विषयावरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस, या समजुतीने किती अनर्थ केला याचे एक उदाहरण येथे दिल्यावाचून राहवत नाही. बालकाच्या छातीत, हृदयाच्या वरच्या अंगाला, थायमस नावाची ग्रंथी असते. ती बालपणी मोठी असते व वयाबरोबर आकसते. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांतील अनेक वैद्यांनी चित्रातील ही रुंद छाया रोग समजून निरोगी बालकांच्या छातीवर किरणांचा उपचार केला, आणि त्यांपैकी कित्येकांना पुढे गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाला. या प्रकरणात चित्र स्वच्छ होते, यंत्रही उत्तम होते. दोष वाचनाचा होता. आणि वाचन चुकण्याची सवय लागण्याचे एक कारण असे, की मुलांची चांगली चित्रे पुष्कळ संख्येने कोणी पाहिलेलीच नव्हती.

मुलाच्या छातीचे चित्र बिघडते म्हणजे नेमके काय होते, हे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण पुढील सारा इतिहास त्या बिघाडांभोवती फिरतो. मोठ्या माणसाला ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ असे सांगता येते. तान्ह्या मुलाच्या बाबतीत तंत्रज्ञाने त्याच्या पोटाकडे डोळे लावून, श्वास आत गेल्याच्या क्षणी कळ दाबायची असते. मूल रडत असेल तर दोन आक्रंदनांच्या मध्ये ते जो खोल श्वास घेते, तोच या कामाचा मुहूर्त. तो चुकला आणि श्वास बाहेर गेलेला असताना चित्र निघाले, तर फुप्फुसे आकसलेली व धुरकट दिसतात, हृदय अवाजवी मोठे दिसते, आणि निरोगी मुलाच्या माथी न्यूमोनिया किंवा हृदयविकार मारला जातो. छाती एका अंगाला वळलेली राहिली तर एक फुप्फुस काळे व दुसरे पांढरट दिसते. ती वळली आहे की नाही हे गळ्याखालील दोन हाडांची टोके कण्यापासून सारख्या अंतरावर आहेत की नाहीत यावरून ओळखायचे. किरण कमी पडले तर हृदयामागचा कणा दिसेनासा होतो आणि सारेच दाट भासते. अधिक पडले तर खरी दाट जागाही करपून काळी होते. मुलाचे हात खाली राहिले तर खांद्याची फरी फुप्फुसावर येते. हनुवटी खाली झुकली तर फुप्फुसाचा माथा झाकला जातो. आणि याउपर, आपल्याकडील मुलांच्या अंगावर जे असते ते : ताईत, काळा दोरा, बजरबट्टू, चांदीची साखळी, झबल्याची बटणे. यांतील प्रत्येक वस्तू आपली छाया चित्रावर सोडते. आईने ताईत काढण्यास नकार दिला तर तंत्रज्ञाने काय करावे, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. अनुभवी माणूस वाद घालीत नाही. तो म्हणतो, ‘ताई, काढू नका, नुसता पाठीवर सरकवा आणि दोन्ही हात कानाशी घट्ट धरा,’ आणि ताईत पाठीवरून पुढे मानेच्या वर ओढून घेतो.

हे सारे ज्ञान हाताचे आहे, आणि हाताचे ज्ञान चूक दाखवून देणाऱ्यावाचून वाढत नाही. फिल्मच्या युगात चूक दाखवली जाण्याचा प्रसंगच क्वचित येई. उदकमंडलम येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म असो की परदेशी, अंधाऱ्या खोलीत द्रावणांतून बाहेर पडून ती वाळली, पिवळ्या किंवा खाकी लिफाफ्यात गेली, की तंत्रज्ञाचा आणि तिचा संबंध संपला. लिफाफा बापाच्या काखेत, बाप डॉक्टरांच्या दारात. डॉक्टर फिल्म खिडकीच्या उजेडात धरणार, कपाळाला आठी घालणार, आणि जे दिसते त्यावर भागवणार. ‘पुन्हा काढून आणा’ अशी चिठ्ठी गेलीच, तर तीत ‘का’ हे सहसा लिहिलेले नसे. बाजाराच्या आवारात रोजावर काम करणाऱ्या बापाच्या दृष्टीने तर पुन्हा काढणे म्हणजे आणखी एक दिवसाची मजुरी बुडणे. तेव्हा बहुधा तो जातच नसे, आणि अर्धवट चित्रावर पूर्ण औषध सुरू होई. या लिफाफ्यांचा शेवटही ठरलेला होता. फिल्ममध्ये चांदी असते म्हणून भंगारवाले त्या विकत घेत, आणि ज्या घरात त्या उरत तेथे सूर्यग्रहणाच्या दिवशी त्यांचे तुकडे डोळ्यांवर धरले जात. हा प्रकार डोळ्यांना अपायकारक आहे असे तज्ज्ञ दरवेळी सांगत, आणि लोक दरवेळी धरीत. वैद्यकीय दस्तऐवजाची अशी विल्हेवाट लागणाऱ्या देशात जुन्या चित्रांवरून काही शिकण्याची सोय कोठून राहणार?

मोठ्या माणसांच्या छातीचे चित्र मात्र याच काळात सरकारी कारभाराचा भाग बनले होते. पाचगणीचे बेल-एअर, मिरजेजवळचे वान्लेसवाडीचे क्षयारोग्यधाम, पुण्याजवळचे औंधचे उरो रुग्णालय, या संस्थांचा सारा व्यवहार छातीच्या चित्रावर चाले. १९३६ साली ब्राझीलचे मानुएल द आब्रेऊ यांनी लहान फिल्मवर झपाट्याने असंख्य लोकांची चित्रे घेण्याची युक्ती काढली, आणि तिच्याच आधारे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५५ ते १९५८ या काळात, गाड्यांवर यंत्रे चढवून, देशभर क्षयाची नमुना पाहणी केली. परंतु पुढे १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला तो थुंकीच्या तपासणीवर भिस्त ठेवून; चित्र महाग आणि अनिश्चित, सूक्ष्मदर्शक स्वस्त आणि निश्चित, असा तो योग्यच हिशेब होता. त्या हिशेबात एक वर्ग बसला नाही. लहान मूल थुंकत नाही, ते कफ गिळून टाकते. म्हणजे ज्यांचे चित्र काढणे सर्वांत कठीण, नेमक्या त्यांच्याच बाबतीत चित्रावाचून गत्यंतर उरले नाही.

न्यूमोनियाच्या बाबतीत इतिहासाने वेगळेच वळण घेतले, आणि ते वळण महाराष्ट्रातच घेतले याचा मराठी वाचकाला अभिमान वाटण्यास हरकत नाही. गडचिरोलीच्या जंगलमुलखात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी असे दाखवून दिले, की गावातलीच शिकवून तयार केलेली माणसे, दायासुद्धा, मुलाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखू शकतात व औषध देऊ शकतात. अंक न येणाऱ्या दायांसाठी त्यांनी मिनिटभर चालणारे वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी यांचे एक साधन तयार केले. १९९० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. ज्या गावांत हे काम झाले तेथील मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. दोन महिन्यांखालील बालकाचे मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० : या आकड्यांपुढे क्ष-किरणांचे यंत्र अनावश्यक ठरले. मूल वाचवण्यासाठी चित्र लागत नाही, हे सिद्ध झाले.

मग चित्राची गरज पुन्हा उत्पन्न झाली ती कशी? ती लशीमुळे झाली. न्यूमोकोकस या जंतूविरुद्ध बालकांना देण्याजोगी लस तयार झाली तेव्हा ती न्यूमोनिया खरोखर किती टाळते हे मोजण्याचा प्रश्न उभा राहिला. आणि श्वासांची गती उपचारास पुरेशी असली तरी मोजमापास ती अपुरी होती, कारण दम्याच्या मुलाचाही श्वास जलद चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली मुलांच्या छातीची चित्रे वाचण्याचा एकच प्रमाणभूत नियम घालून दिला. भारतीय वैद्य थॉमस चेरियन आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली या नियमाची जी परीक्षा प्रसिद्ध केली, तीत २० क्ष-किरणतज्ज्ञ व वैद्यांनी २२२ चित्रे वाचली होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या गाम्बियातील चाचणीत या नियमाने ठरवलेला न्यूमोनिया लस घेतलेल्या बालकांत ३७ टक्क्यांनी कमी आढळला. या नियमात वाचनाच्याही आधी एक पायरी ठेवलेली आहे, आणि माझ्या मते ती या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे : प्रथम चित्राची प्रत ठरवा. चांगले, जेमतेम, की वाचण्यास अयोग्य. वैद्यकाच्या जगात प्रतवारी अशी रीतसर कागदावर आली. वाचण्यास अयोग्य ठरलेले चित्र म्हणजे त्या मुलापुरता अभ्यास वाया गेला. तेव्हा दूरच्या जिल्हा रुग्णालयातील तंत्रज्ञ कळ केव्हा दाबतो, याची चिंता प्रथमच मोठमोठ्या संशोधकांना लागली.

भारतात ही लस २०१७ पासून हिमाचल प्रदेश, बिहार व उत्तर प्रदेशापासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली. तत्पूर्वीची स्थिती नोंदवण्यासाठी लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठातील बालरोगतज्ज्ञ डॉ. शॅली अवस्थी यांच्या नेतृत्वाखाली लखनौ, इटावा, पाटणा आणि दरभंगा या जिल्ह्यांतील रुग्णालयांत न्यूमोनियाने दाखल झालेल्या मुलांच्या छातीची चित्रे गोळा करून वाचण्यात आली. वाचणारे थोडे, काढणारे पुष्कळ आणि तेही शेकडो मैलांवर, अशा विखुरलेल्या कामात परतीच्या शेऱ्यावाचून भागतच नाही.

येथे मार्केट यार्डाच्या पूर्वेस काही किलोमीटरांवर असलेल्या हडपसरकडे क्षणभर वळू. १९६६ साली स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘न्यूमोसिल’ ही स्वदेशी लस तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्र्यांच्या हस्ते २८ डिसेंबर २०२० रोजी बाहेर आली, म्हणजे रॉन्टगेन यांनी आपला निबंध सादर केल्याला बरोबर १२५ वर्षे पूर्ण झाली त्याच तारखेला. समारंभ ठरवणाऱ्यांच्या मनात हा योग असेल असे वाटत नाही. पुढील वर्षी महाराष्ट्रातील बालकांना न्यूमोकोकसविरुद्धची लस सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात सरकारी लसीकरणात मिळू लागली.

आता फोनकडे येऊ. रुग्णालयातील तंत्रज्ञाने चित्र काढले, पांढऱ्या दिव्याच्या पेटीवर ठेवले, वरून फोन धरून त्याचा फोटो घेतला, मुलाचे नाव अंगठ्याने झाकले आणि तंत्रज्ञ व तज्ज्ञ यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकला. दूरच्या शहरात बाह्यरुग्ण विभागातून उठणाऱ्या तज्ज्ञाने तो पाहिला व दोन शब्द लिहिले : ‘उजवीकडे वळलंय’, ‘श्वास बाहेर आहे’, ‘हात वर घ्या’, ‘डावी-उजवी खूण नाही’, किंवा क्वचित, आणि त्या दिवशी गटातले सर्वजण खूश होतील असे, ‘उत्तम’. मूल अद्याप बाकावर आहे, आई अद्याप निघालेली नाही, तोवर हा शेरा परत येतो. पूर्वी जो निवाडा आठवड्यांनी, कपाळाच्या आठीच्या रूपाने, भलत्याच माणसाला कळे, तो आता ज्याने कळ दाबली त्यालाच, कारणासह, आणि दुरुस्ती शक्य असतानाच कळतो. शिवाय गटातील इतर जिल्ह्यांचे तंत्रज्ञही तो वाचतात. एकाच्या चुकीतून दहाजण शिकतात. अर्थात त्या एकाला थोडे ओशाळे वाटते, आणि म्हणून शहाणे तज्ज्ञ चुकीचा शेरा खासगीत व स्तुतीचा शेरा गटात लिहितात. यंत्राची किंमत लाखांत मोजणाऱ्या व्यवस्थेत सर्वांत मोठी सुधारणा करणारी वस्तू तंत्रज्ञाच्या खिशात त्याच्या स्वतःच्या पैशाने आलेली असते, याचा विचार खरेदी समित्यांनी करावयास हवा.

या साधनाचे दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. फोन चित्र दाबून लहान करतो. पेटीच्या दिव्याची चकाकी मधोमध पडली तर हृदयामागची छाया लुप्त होते. गटावर आलेल्या चित्राने मुलाची मुद्रा व ठेवण तपासता येते, मात्र बारीक रोगनिदान त्यावर करणे धाडसाचे आहे. चित्रावरील नाव झाकायचे राहून गेले तर कोण्या मुलाचा आजार पन्नास अनोळखी माणसांच्या खिशात जाऊन पडतो. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरवैद्यकाची जी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, त्यांत अशा संदेशसेवांना संपर्काचे साधन म्हणून मान्यता मिळाली. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. तथापि कायद्याची कलमे आणि रात्रपाळीचा तंत्रज्ञ यांची गाठ फारशी पडत नाही.

करोनाच्या साथीत तर छातीचे चित्र सर्वांचेच झाले. एप्रिल २०२० मध्ये बाजार समितीला यार्डातील व्यवहार काही काळ थांबवावे लागले, आणि पुढील वर्षीच्या लाटेत पुण्यातला प्रत्येकजण नातेवाइकाच्या फुप्फुसाचा ‘स्कोअर’ पंचविसापैकी किती हे परीक्षेच्या गुणांसारखे विचारू लागला. काळ्या-पांढऱ्या छायांचे फोटो एका फोनवरून दुसऱ्यावर असे फिरले की जणू प्रत्येक घरात एक क्ष-किरणतज्ज्ञ होता. त्या देवघेवीत शेरे पुष्कळ होते, परंतु ते कळ दाबणाऱ्याकडे जात नव्हते. तज्ज्ञांच्या शिस्तबद्ध गटात आणि या गदारोळात साधन एकच होते. फरक होता तो कोण कोणाला लिहितो याचा.

चित्रे वाचणारी संगणकीय बुद्धी आता आली आहे, आणि मुंबईतील कंपन्याही त्या कामात अग्रभागी आहेत. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली क्षयाच्या चाळणीसाठी अशा यंत्रवाचनास संमती दिली ती १५ वर्षे व त्यापुढील वयाच्या माणसांपुरतीच. मुलांची चांगली, प्रत तपासलेली चित्रे पुरेशी साठल्यावाचून यंत्राला तरी ती वाचायला कोण शिकवणार? म्हणून या गटांतील शेरे फोन बदलताच पुसले जावेत, हे मला परवडणारे वाटत नाही. प्रत्येक क्ष-किरण विभागात पुन्हा काढाव्या लागलेल्या चित्रांची एक साधी वही ठेवावी, तीत मुलाचे नाव न लिहिता वय, तारीख, बिघाडाचे कारण आणि शेरा देणाऱ्याची सही एवढेच रकाने असावेत, आणि महिनाअखेर तंत्रज्ञाने व तज्ज्ञाने ती एकत्र बसून वाचावी. हमालाच्या मजुरीचा हिशेब ज्या आवारात रोजच्या रोज वहीत चढतो, तेथील मुलाच्या छातीचे चित्र दुसऱ्यांदा का काढावे लागले याची नोंद कोठेतरी असावी, ही काही अवाजवी मागणी नव्हे. खर्च एका वहीचा आणि एका पेनाचा.